पाहुणचाराचा धूर

सांगली,
१८ नोव्हेंबर १९७७

आदरणीय सर,

नमस्कार. वाईला गेल्यापासून आपल्या छातीतले दुखणे कमी आहे, असे काकूंनी कार्यालयात फोन करून कळवले. म्हणून हे पत्र लिहिण्याचे धैर्य करते आहे. कार्यालयाचा कोणताही विषय आपल्यापर्यंत येऊ देऊ नये अशी डॉक्टरांची ताकीद आहे, हेही त्या म्हणाल्या. एक गोष्ट मात्र दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपल्या कानावर जाण्यापूर्वी मीच कळवावी असे वाटते.

आपल्या रजेच्या काळात वरिष्ठ तज्ज्ञपदाचा कार्यभार माझ्याकडे देण्यात आला आहे. मी तो मागितला नव्हता. वैज्ञानिक सहायकाने, त्यातही माझ्यासारखीने, या खुर्चीकडे पाहू नये हे मला समजते. पण नियमांचा मसुदा अथपासून इतिपर्यंत ठाऊक असलेले कार्यालयात आता माझ्याशिवाय कुणी नाही, असे वर ठरले. आदेश आला तेव्हा शिपाई गुंडाभाऊंनी आपली खुर्ची फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बाई, आता बसा की." मी अजून माझ्याच टेबलापाशी बसते. त्यांना ते आवडलेले नाही.

मसुदा प्रसिद्ध झाला. पाण्याचा कायदा होऊन तीन वर्षे झाली, हवेचा अद्याप दिल्लीलाही सुचलेला नाही. आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांसाठी धुराचे नियम छापून आले, तेही मराठीत. राजपत्राचा तो अंक हातात घेतला तेव्हा आपण इथे असायला हवे होते असे फार वाटले. एकवीस जानेवारीला साताऱ्यात जाहीर सुनावणी आहे. त्या दिवशी, "या मर्यादा प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेल्या आहेत," अशा दाखल्यावर वरिष्ठ तज्ज्ञाने सही करायची आणि नियम मंजुरीला जायचे. ती सही आता माझी असेल.

नव्या टंकलेखकाला काल मी छायापट्टी समजावून दिली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकीहून एक गडद अशा पाच छाया. पट्टी हातभर लांब धरून धुराड्यातून निघणाऱ्या धुराशी ताडून पाहायची. एक म्हणजे विरळ, जवळजवळ पांढरा. पाच म्हणजे काळाकुट्ट. त्याने विचारले, "मग गुऱ्हाळांना एकच का ठरवली?" मी आपलेच वाक्य त्याला ऐकवले: बहुतेकांना जे आजच जमते तेवढेच सर्वांकडून मागावे, कायद्याने अशक्य मागू नये. तीन हंगामांत आपण पाहिलेल्या गुऱ्हाळांची छाया एकच्या आसपास होती, म्हणून मर्यादा एक. तो म्हणाला, "सोपं आहे." मला त्या सोपेपणाचा अभिमान वाटला.

सल्लागार मंडळातले लालासाहेब अभिनंदनाला येऊन गेले. एका साखर कारखान्याचे संचालक कार्यभार घेणाऱ्या सहायिकेला भेटायला जिना चढून येतात याचे नवल वाटले.

"शकुंतलाबाई, गुऱ्हाळाला छाया एक. त्यात आता बदल नाही ना?" त्यांनी विचारले.

"हरकती आल्या तर विचार होईल," मी म्हणाले.

"हरकत घेतंय कोण? त्यांचा धूर पांढराफेक म्हणून तुमच्याच दप्तरात लिहिलाय."

ते हसले. मीही हसले. सभ्यतेने.

हंगाम सुरू झाला आहे. पुढच्या फेरीची सौजन्यपत्रे आपल्या पद्धतीप्रमाणे आठ दिवस आधी टाकली आहेत. सरकार म्हणून कुणाच्या दारात अचानक उभे राहू नये, पाहुण्यासारखे कळवून जावे, हे आपले शिकवणे मी विसरलेले नाही.

आपली,
शकुंतला


सांगली,
११ डिसेंबर १९७७

आदरणीय सर,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडले.

कडेगावजवळच्या रंगूबाई आपल्याला आठवतील. त्यांचे मालक सैन्यात आहेत. गुऱ्हाळ त्या आणि त्यांचे दीर नाथाजी मिळून चालवतात. आपण त्यांच्याकडे गरम गूळ खाऊन, अशी चव वाईतही नाही, असे म्हणाला होता. त्यांच्या मुलीचे, मनूचे लग्न झाले. मला आग्रहाचे बोलावणे होते. अशा गर्दीत मी जात नाही, पण कार्यभार घेतल्यापासून माणसांत जायला हवे असे स्वतःला बजावून गेले.

मांडवामागे आचारी कावले होते. लाकडे ओली, चुली पेटेनात, भात कच्चा, आणि धुराने सगळ्यांचे डोळे लाल. नाथाजी फुंकणी घेऊन बसले होते. मी सहज विचारले, "वाळकी लाकडं ठेवली नव्हती का?"

रंगूबाई पदराने डोळे पुसत हसल्या. "ठेवली हुती की. दोन वर्सं बाभूळ वाळवत ठेवली हुती मनूच्या लग्नासाठनं. ती जाळली न्हवं गेल्या माघात."

"कशासाठी?"

"आवं बाई, तुमी येनार हुता न्हवं. तुमचं पत्र आलं. आता पावनी यायची, तीबी धूर बघाया, आन् तिच्या तोंडावर वली चिपाडं जाळायची व्हय?"

मला वाटले, त्या थट्टा करताहेत. तेवढ्यात पलीकडच्या गावच्या भामाबाई वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "आमी तर घरातला जुना पलंग फोडला गं. शिसवी हुता. सासू दोन दिस बोलली न्हाई."

"पलंग काय घिऊन बसलीस," तिसरी म्हणाली, "आमच्यात त्या दिशी जाळच कमी ठेवला. काहील तशीच ठेवली, आन् रस नासला. पन सायेब काय म्हनले? लय छान धूर हाय. मालकांची छाती अशी फुगली."

त्या सगळ्या हसत होत्या. सर, त्यांत लबाडी नव्हती. दिवाळीला घर सारवतात, पाहुण्याला नवे घोंगडे अंथरतात, तसा त्यांनी आपल्याला धूर दाखवला. एरवी गाळपाची चिपाडे वाळायला जागा नसते, ती ओलीच चुलवाणात जातात, वर उसाचा पाला जातो.

मी पंगतीला बसले, आणि पंगत उठताच निघाले. आपल्या तीन हंगामांतले एकही निरीक्षण न कळवता घेतलेले नाही. मी घरी येऊन आठवून पाहिले. एकही नाही.

मर्यादा एक राहिली तर काय होईल ते आपल्याला मी सांगायला नको. दोनदा मर्यादा ओलांडली की त्या हंगामापुरते चुलवाण बंद, हे कलम आपणच घातले आहे, आणि ते योग्यच होते, कारण मर्यादा बहुतेकांना जमणारी होती. ती कुणालाच जमणारी नाही. पहिल्याच हंगामात दोन्ही जिल्ह्यांतली गुऱ्हाळे विझतील. रंगूबाईंचे आधी, कारण त्या रस्त्याला लागून आहेत.

माझ्याकडून काही चुकीचे समजले गेले असेल तर कृपया सांगावे. मी वाट पाहते.

आपली,
शकुंतला


सांगली,
२२ डिसेंबर १९७७

आदरणीय सर,

आपले कार्ड मिळाले. "लग्नातल्या गप्पांवरून आकडे बदलत नसतात. मसुद्याला हात लावू नये." एवढेच होते, आणि खाली सही. प्रकृतीविषयी एक शब्दही नव्हता. अक्षर पाहून तरी ती बरी असावी असे मी समजते.

आपले म्हणणे रास्त आहे. गप्पांवरून बदलू नयेत. म्हणून मी पाहायला गेले, आणि न कळवता गेले.

आपण रागवाल. मला स्वतःचाच राग येत होता. एस.टी.तून एक थांबा आधी उतरून बांधाने चालत निघाले तेव्हा मी चोरी करायला निघाले आहे असे वाटत होते. निमंत्रणाशिवाय मी आजवर वर्गमैत्रिणीच्या घरीदेखील गेलेली नाही.

धूर लांबूनच दिसला. पट्टी काढावी लागू नये इतका काळा होता. तरी मी काढली, उन्हाकडे पाठ केली, नियमाप्रमाणे वेळ दिला. छाया चार. वारा शेजारच्या शाळेकडे वाहत होता. मुले व्हरांड्यात बसून पाढे म्हणत होती, आणि पाढ्यांच्या मध्येच खोकत होती. त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. आपल्या नियमांची गरज मला त्या क्षणी जितकी पटली तितकी पूर्वी कधी पटली नव्हती, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

नाथाजी चुलवाणाशी होते. त्यांनी मला पाहिले आणि हातातली ओली चिपाडे तशीच खाली टाकली. "वैनी," त्यांनी हाक मारली, "म्यॅडम आल्यात."

रंगूबाई बाहेर आल्या. केस मोकळे होते, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हात राखेने भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या पट्टीकडे, मग वर धुराड्याकडे.

"पत्र न्हाई आलं," त्या म्हणाल्या.

"पाठवलं नव्हतं."

"का?"

मी पट्टी खाली घेतली. त्याच पुढे म्हणाल्या, "न सांगता यायला तुमी काय पोलीस हाय? का आमी दारू गाळतोय?"

"रंगूबाई, रोजचा धूर कसा असतो तेवढंच पाहायचं होतं. तुमच्याच भल्यासाठी."

"माझ्या भल्याचं मला सांगून करायचं हुतं." त्या नाथाजींकडे वळल्या. "घाल रं जाळ. थांबलास कशाला? बघायला आल्यात, तर बघू द्यात."

त्यांनी मला बस म्हटले नाही. पाणी विचारले नाही. गेल्या वर्षी ज्या बाईने माझ्या पिशवीत बळेबळे गुळाची ढेप कोंबली होती, तिने मला पाठ दाखवून काहिलीत झारा घातला. मी तशीच उभी राहिले आणि निरीक्षण पुरे केले, कारण अर्धवट सोडणे आपण शिकवलेले नाही.

त्यानंतर आणखी दोन गुऱ्हाळे पाहिली. एक भामाबाईंचे, एक फलटणकडचे. दोन्हीकडे चार.

सर, हे आता लग्नातले बोलणे राहिलेले नाही. आपण काय करावे असे म्हणता?

आपली,
शकुंतला


सांगली,
९ जानेवारी १९७८

आदरणीय सर,

आपले उत्तर आले नाही. काकूंना फोन केला. त्यांनी आपण झोपला आहात असे सांगितले. मागून आपला आवाज ऐकू येत होता. मी फोन ठेवला.

लालासाहेब पुन्हा आले होते. मी गुऱ्हाळे पाहून आले हे त्यांना कळले आहे. कसे, ते ठाऊक नाही. या भागात काही लपत नाही. सर, ते आपल्या खुर्चीत बसले. गुंडाभाऊ चहा घेऊन आले आणि त्यांना तिथे पाहून चहा माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

"असं ऐकतो की तुम्ही दाखल्यावर सही करणार नाही," ते म्हणाले.

"अजून ठरवलेलं नाही."

"ठरवा. सरळ बोलतो, बाई. गुऱ्हाळं बंद झाली तर तो ऊस कुठं जाणार? आमच्या गव्हाणीत. आम्हाला ऊस पुरत नाही, हे पेपरात छापून येतं, यात चोरून ठेवण्यासारखं काय आहे? तुमची हवा स्वच्छ, आमचं गाळप पुरं. दोघांचंही काम होतंय."

"आणि त्यांचं?"

"गुळाला काय भविष्य आहे?" त्यांनी चहाकडे पाहिले; तो त्यांच्यापुढे नव्हता. "आणि दुसरी गोष्ट. तुम्ही सांगाल की निरीक्षणं खोटी आहेत. ती कुणाची? तुमच्या सरांची. अकरा वर्षं त्या माणसानं या नियमांसाठी मुंबईचे उंबरे झिजवले. ते आजारी असताना, त्यांच्या खुर्चीच्या शेजारी बसून, तुम्ही त्यांना खोटं पाडणार. लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "मी खोटी म्हटलेली नाहीत. चुकीची म्हटली."

"लोकांना तो फरक कळत नाही," ते उठत म्हणाले. "सरांना कळेल का, ते तुम्ही बघा."

सर, मी हे सर्व आपल्याला लिहू नये, आपल्या प्रकृतीला ते बरे नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मला मिळत नाही तो त्यांनीच विचारला आहे. मी सही केली तर आपले नियम होतील. देशात कुठेच नाहीत असे. आपण ते पाहाल. आणि पुढच्या हंगामात रंगूबाईंच्या चुलवाणाला आपल्याच नियमाने कुलूप लागेल. मी सही केली नाही तर नियम लांबतील, कदाचित कायमचे. त्या शाळेतली मुले खोकत राहतील, आणि आपल्या नावाला जो बट्टा लागेल तो माझ्या तोंडून लागेल.

वर्गात मला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येत असे. आपणच एकदा चेष्टेने तसे म्हणाला होता. हा प्रश्न पुस्तकात नाही.

मी सही करणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे सुनावणीच्या दिवशी मला माघार घेता येणार नाही. आपण नको म्हणाल तरी, सर. आपल्याशी असे बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. आपण एकदा तरी लिहावे. रागाने लिहिले तरी चालेल.

आपली,
शकुंतला


सातारा,
२२ जानेवारी १९७८

आदरणीय सर,

काल आपण बोलून लगेच निघून गेलात. काकूंनी आपल्याला दाराबाहेर नेले, आणि मी व्यासपीठावरून उतरून येईपर्यंत गाडी निघाली होती. त्यामुळे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही. सुनावणीनंतर मी इथेच आत्याकडे थांबले आहे, तिथूनच ते लिहिते.

आपण किती वेळ दाराशी उभे होता ते मला माहीत नाही. मी बोलायला उठले तेव्हा दाराकडे पाहिले नव्हते. दाखल्यावर सही करू शकत नाही असे मी सांगितले, कारण सांगितले, तीन नवी निरीक्षणे वाचली. लालासाहेबांनी तीन हंगाम विरुद्ध तीन दुपारी असा हिशेब मांडला, तो आपण बहुधा ऐकला असेल. अध्यक्षांनी मग समोर बसलेल्या गुऱ्हाळवाल्यांना विचारले, "तपासणीच्या दिवशी जळण वेगळं होतं, असं तुमच्यापैकी कुणी सांगेल का?"

कुणीही उठले नाही. सर, मला तेच भय होते. कोणता माणूस चारचौघांत उठून म्हणेल की, पाहुण्याला मी एक दाखवतो आणि स्वतः दुसऱ्यात राहतो? नाथाजी फेट्याचा शेमला बोटाभोवती गुंडाळत बसले होते. मागून कुणीतरी उलट ताठ्याने म्हणाले, "आमचा धूर चांगलाच हाय, सायेब." त्याला आपल्याच पायावर धोंडा पाडतो आहोत याची कल्पना नव्हती. किंवा असेल, पण अब्रू आधी.

अध्यक्ष कागद आवरू लागले होते. तेव्हा आपला आवाज आला.

आपण म्हणालात ते शब्द मी जसेच्या तसे इथे लिहिते, कारण इतिवृत्तात ते कोरडे होऊन येतील. "सौजन्यपत्रं माझ्या सहीची होती. पाहुणा येणार म्हटल्यावर माणसं घर सारवतात. मला हे कळायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मला ते कळत होतं. मला ते आवडत होतं. यांचा दोष नाही, या मुलीचाही नाही. आकडे माझे आहेत आणि ते चुकीचे आहेत."

आपण खुर्चीची पाठ धरली होती. मग काकू पुढे आल्या आणि आपण गेलात.

 मग बायकांच्या बाजूने रंगूबाई उठल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. अध्यक्षांकडे पाहून बोलल्या.

"एवढा मोठा सायेब, दुखन्यातनं उठून आला आन् चारचौघांत चुकलो म्हनला. मग मला कसली लाज? हाय माझा धूर काळा. ह्या बाईंनी न सांगता येऊन बघितलाय. त्या दिशी मी त्यास्नी पानीबी दिलं न्हाई."

सभागृहात हसू फुटले. भामाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "तुझा काय काळा. आमचा बघ जा."

"बस गं. हितंबी तुझाच पयला नंबर व्हय?"

आणि मग, सर, एकेक करून बोलू लागले. कुणी पलंग सांगितला, कुणी दाराची जुनी चौकट. नाथाजी उठून म्हणाले, "म्यॅडम आल्या की मी पोरांस्नी सांगायचो, जाळ हळू करा, पावनी बसलीया. त्या मापानं कायदा केला तर आमी मेलो." अध्यक्षांनी लेखनिकाला सगळे लिहून घ्यायला सांगितले.

निर्णय असा झाला: गुऱ्हाळांची मर्यादा मागे घ्यावी, उरलेल्या हंगामात न कळवता नवी निरीक्षणे घ्यावीत, आणि संपूर्ण नियम वर्षभर पुढे ढकलावेत. संपूर्ण, सर. कारखान्यांच्या धुराड्यांचे, वीटभट्ट्यांचे, शिरवळच्या नव्या कारखान्यांचेही. त्यांत काही चुकलेले नव्हते. मी तसे सांगून पाहिले. पण एका जागी पाया खचला की वर कुणी उभे राहत नाही.

जिन्यात लालासाहेब भेटले. चिडलेले नव्हते. "बाई," ते म्हणाले, "आणखी एक वर्ष धूर दिलात लोकांना." त्यांच्या सर्व बोलण्यात हे एकच मला खोडून काढता आले नाही.

प्रवासाचा त्रास झाला नसावा अशी आशा करते.

आपली,
शकुंतला


सांगली,
१२ फेब्रुवारी १९७८

आदरणीय सर,

काकूंचे पत्र आले. आपण अंगणापर्यंत चालता, आणि माझी पत्रे उशाशी ठेवता पण उत्तर लिहायला बसलात की उठून जाता, असे त्यांनी लिहिले आहे. उत्तराची घाई नाही.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली कार्यालयीन. खात्याकडून मला एक निवेदन सहीसाठी आले होते. त्यात असे होते की, सौजन्यपत्रे पाठवणे ही आपली वैयक्तिक प्रथा होती, कार्यालयाचा तिच्याशी संबंध नव्हता. त्यावर सही केली असती तर कार्यभार माझ्याकडेच राहणार होता. तसे तोंडी सुचवण्यात आले. मी सही केली नाही. त्याऐवजी दुसरे निवेदन दिले: ती पत्रे कार्यालयाच्या आवक-जावकातून गेली, निम्मी माझ्या अक्षरात होती, आणि आपण रजेवर गेल्यानंतरची माझ्या सहीची होती. आपण सभागृहात सारा दोष एकट्याने घेतलात. तेवढ्यापुरते मी आपल्याशी असहमत आहे, हे नम्रपणे नोंदवते.

त्यामुळे कार्यभार गेला. मार्चमध्ये मुंबईहून कुणी येतील. मी पुन्हा सहायक आहे, आणि फेरतपासणी माझ्याकडे आहे. गुंडाभाऊंनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी विचारले तर म्हणाले, "हवा खातीया."

दुसरी गोष्ट अशी. परवा फेरतपासणीसाठी रंगूबाईंच्या गुऱ्हाळावर गेले. त्यांनी मला पाहिले, पण नाथाजींना काही सांगितले नाही. जाळ होता तसाच चालू राहिला. मी पट्टी धरली. त्या हात पुसत येऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि धुराड्याकडे पाहू लागल्या. मला वाटते, स्वतःचा धूर त्या पहिल्यांदाच इतका वेळ पाहत होत्या.

"किती?" त्यांनी विचारले.

"चार."

"लिव्हलं?"

"लिहिलं."

वारा त्या दिवशीही शाळेकडेच वाहत होता. त्यांनी तिकडे एकदा पाहिले, धाकटा मुलगा त्याच शाळेत आहे, आणि म्हणाल्या, "मग आता ह्यो कमी कसा करायचा ते सांगा. चिपाडं वाळवायला शेड घालू, का धुराडं वर घिऊ, का चुलवाणाचं तोंड फिरवू? खर्च झेपंल एवढंच सांगा, आन् फुडच्या वर्सापतूर हुईल असंच सांगा."

सर, अकरा वर्षांत हा प्रश्न आपल्याला कुणी विचारला होता का, मला माहीत नाही. मला कुणीच विचारला नव्हता. धूर मोजायला मी शिकले. कमी करायला नाही. 

मी म्हणाले, "विचारून सांगते."

चुलवाणाचे माप आणि तोंडाची दिशा सोबतच्या कागदावर काढली आहे.

आपली,
शकुंतला